जायकवाडी भरलंय, तोवरच समन्यायी पाणीवाटपाचं बोलू या

शेवटची_चारी (परभणी)

२०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन पावसाळे जायकवाडीच्या नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले. अशा वर्षांत समन्यायी पाणीवाटपाचं, म्हणजे टंचाईत वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचं, नाव कुणी काढत नाही. मोर्चे नाहीत, रास्ता रोको नाही, कोर्टात धावाधाव नाही. म्हणूनच हा धागा आत्ता काढतोय. धरण ४० टक्क्यांवर असताना चर्चेला बसलं की ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं आपलं उभं पीक असतं, आणि पीक वाळत असलेल्या माणसाला समजुतीनं घ्या असं सांगायला कुणाची जीभ रेटत नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर नाशिक-नगर भागात गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड समूह, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणं आहेत. या सगळ्यांच्या खाली पैठणला जायकवाडी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आमच्या परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. उजवा १३२ किलोमीटरचा, माजलगाव धरणाला मिळतो. पाऊस कमी झाला की वरची धरणं भरतात आणि खालचं रिकामं राहतं.

१९७५ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशाचा करार झाला, त्यानं पैठणपर्यंतचं गोदावरीचं सगळं पाणी वापरायची मुभा आपल्याला मिळाली. दोन राज्यांचं तिथं मिटलं. पण त्या पाण्यात नाशिकचं किती, नगरचं किती, मराठवाड्याचं किती, हे ठरवायचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचं कलम १२(६)(ग) सांगतं की तूट आली तर ती खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. खरिपात वापरलेलं पाणी धरून, ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी आली पाहिजे. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते मेंढेगिरी समितीनं २०१३ च्या अहवालात मांडलं. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटप उचलून धरलं. आता दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून हिशोब होतो. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं.

म्हणजे कायदा आहे, तक्ता आहे, निकालही आहे. तरी २०१५ मध्ये १२.८४, २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचे आदेश निघाले, तेव्हा प्रत्येक वेळी पोलीस बंदोबस्त लागलाच. असं का होतं?

मला दिसतं ते असं. वरचे म्हणतात खालचे मृतसाठा लपवून रडतात. खालचे म्हणतात वरचे खरिपाचा वापर कमी दाखवतात. दोघांनी मिळून मोजलेला एकही आकडा कुणाकडं नाही. शिवाय दोघं एका टेबलावर कधी बसत नाहीत. कालवा सल्लागार समिती गंगापूरची वेगळी, मुळेची वेगळी, जायकवाडीची वेगळी. आमच्यातला माणूस निफाडच्या माणसाला भेटतो तो फक्त बातम्यांतल्या रास्ता रोकोच्या दृश्यात.

सगळ्यांना विनंती, चोर-ऐतखाऊ हे शब्द बाहेर ठेवा. तुमच्या भागात कोणती गोष्ट मान्य होईल आणि कोणती अजिबात होणार नाही, तेवढं मोकळेपणानं लिहा.


निफाडची_बाग

दादा, सुरुवात चांगली केलीत, म्हणून मीही सरळ लिहिते.

आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. छाटणी केली की बाग मागं घेता येत नाही. औषधं, मजुरी, डिपिंग, सगळा खर्च तिथून सुरू होतो. तुमचा नियम १५ ऑक्टोबरला साठा बघतो, आदेश निघायला महिनाअखेर होते आणि पाणी सुटतं नोव्हेंबरात. तोवर आमच्या काड्यांवर घड आलेले असतात. कापूस-सोयाबीनवाल्याला एक पाणी कमी पडलं तर उतारा घटतो, हे मला कळतं. आमच्या वेलीला त्या दिवसांत पाणी तुटलं तर पुढच्या हंगामाचंही नुकसान होतं.

तेव्हा अजिबात मान्य होणार नाही ती गोष्ट म्हणजे पाणी जाणं नव्हे. छाटणी झाल्यावर ते सांगितलं जाणं. ऑगस्टच्या मध्यावर एक अंदाज द्या, सप्टेंबरच्या मध्यावर दुसरा द्या. यंदा तूट दिसते, तुमच्या धरणातून अमुक टक्के जाऊ शकतं, एवढं सांगा. मग मी दोन प्लॉट छाटेन, तिसरा ठेवेन. शेतकऱ्याला हिशोब करता येतो, त्याला हिशोबाला वेळ मिळाला पाहिजे.

दुसरं म्हणजे पाणी सोडताना नदीकाठची वीज तोडतात आणि केटीवेअरच्या (नदीवरच्या लहान बंधाऱ्यांच्या) फळ्या काढतात. का करतात ते समजतं, नाहीतर पाणी वाटेतच उचललं जाईल. पण त्या फळ्यांच्या मागं आमच्या गावाच्या नळयोजनेची विहीर आहे. २०२३ च्या त्या दिवसांत विहिरीनं तळ गाठला आणि जनावरांना पाणी लांबून आणावं लागलं. पिण्यापुरता एक फिडर चालू ठेवायची सोय आधी ठरली असती तर गावातला निम्मा राग आलाच नसता.


शेवटची_चारी (परभणी)

ताई, ऑगस्टच्या अंदाजाचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. आमच्याकडं रब्बीची पेरणीच ऑक्टोबरात, त्यामुळं १५ ऑक्टोबर आम्हाला लवकर वाटतो आणि तुम्हाला उशिरा. पिण्याच्या फिडरचं तर कुणीही नाही म्हणणार नाही.


जुना_पाटकरी

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. मोजणीबद्दल लिहितो, कारण खरी गोम तिथं आहे.

आधी २०२३ चे आकडे समोर ठेवू. ३० ऑक्टोबरला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा आदेश निघाला. मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५ आणि दारणा समूहातून २.६४३ टीएमसी. एकूण ८.६०३. पालखेड समूहावर त्या वर्षी काही आलं नाही. म्हणजे सरसकट नाशिकचं पाणी नेलं असं नव्हतं. प्रत्येक समूहाच्या साठ्याप्रमाणे वाटा वेगळा होता. हा तपशील गावात किती जणांना माहीत होता? चौकात बोललं गेलं ते एवढंच की आमचं पाणी चाललं.

आदेश ३० ऑक्टोबरचा आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. मधल्या काळात आंदोलनं, याचिका, पत्रव्यवहार. या उशिराची किंमत नदीनं घेतली. पात्र ओलं असताना सोडलेलं पाणी पुढं सरकतं. कोरड्या वाळूत सोडलेलं आधी वाळू पिते, मग डोह भरतात, मग पाणी वाटेला लागतं. वहनव्यय म्हणून जे कागदावर दिसतं त्यातला मोठा भाग हा उशिराचा असतो. सप्टेंबरअखेर, नदी वाहती असतानाच पहिला हप्ता सोडला तर वरच्यांचं कमी जाईल आणि खाली जास्त पोचेल. दोघांच्याही फायद्याची यापेक्षा सोपी गोष्ट मला माहीत नाही. फक्त सप्टेंबरात परतीचा पाऊस यायचा असतो, त्यामुळं सोडायची सही करायला कुणी पुढं येत नाही. पाणी सोडलं आणि आठ दिवसांत धो धो पाऊस झाला तर टीका सही करणाऱ्यावर होते. त्यालाही नियमाचं संरक्षण पाहिजे.

आता खरिपाचा वापर. कायदा म्हणतो खरिपातला वापर धरून टक्केवारी काढा. तो वापर मोजायचा कुठं? कालव्याच्या मुखाशी फ्लूम (पाणी मोजायची बांधीव पन्हळ) असतो, त्यावर गेजपट्टी. पट्टीवरचे आकडे झिजलेले, फ्लूमच्या तळाशी गाळ बसलेला, वरच्या बाजूला गवत वाढलेलं. गाळ बसला की पाण्याची पातळी खोटी वर दिसते. मग वहीत जो आकडा पडतो तो वर मंत्रालयापर्यंत तसाच जातो आणि त्यावर टीएमसीची भांडणं होतात, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत. आणि नदीवरून थेट उपसा करणाऱ्या मोटारी? त्यांचं पाणी ठोकताळ्यानंच धरलं जातं, वरही आणि खालीही. नाथसागराच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणाचं पाणी मागं पसरतं त्या भागात, किती मोटारी आहेत ते पैठण, गंगापूर (तालुका, धरण नव्हे) आणि शेवगावच्या मंडळींनी सांगावं.


प्रवरेकाठ

साहेब, फुगवट्यावरच्या मोटारींचं लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही बोललो की राजकारण म्हणतात.

मी संगमनेर तालुक्यातला. भंडारदरा १९२६ चं. खालच्या भागात त्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या ऊस झाला, कारखाने उभे राहिले, हे खरं. पण आमचा तळेगाव दिघेचा पट्टा त्याच जिल्ह्यात असून पाण्याच्या टँकरवर जगला. निळवंड्याची मान्यता १९७० ची. कालव्याला पाणी आलं २०२३ मध्ये. माझ्या वडिलांनी अर्ज केले, मोर्चे काढले, आणि चारीत पाणी बघायला ते राहिले नाहीत. आणि ज्या वर्षी पहिल्यांदा पाणी आलं त्याच वर्षी प्रवरा समूहातून सव्वातीन टीएमसीच्या वर खाली सोडा असा आदेश आला. माझ्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं?

आणखी वर आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जा. ज्या आदिवासी गावांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या उतारावरची शेतं आजही कोरडी. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून खाली जातं. वरचा म्हणजे बागायतदार आणि खालचा म्हणजे दुष्काळी, हे चित्र पुसल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही. प्रत्येक धरणाला स्वतःचं शेपूट आहे, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोचणारा भाग.

कायदा टक्केवारी बघतो, धरणाधरणातली. धरणाखालच्या माणसामाणसातली बघत नाही. मला हीच त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.


शेवटची_चारी (परभणी)

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून गलबलून आलं. उत्तर द्यायची घाई करत नाही. तुमचं शेवटचं वाक्य आमच्याकडंही लागू आहे. डाव्या कालव्याच्या पहिल्या शंभर किलोमीटरात ऊस उभा असतो, आणि आम्ही शेपटाला आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाळीची, वाट बघतो. वरून आलेलं पाणी जायकवाडीत पडलं म्हणजे ते परभणीला पोचलं असं होत नाही.


सिडकोवाली

मी छत्रपती संभाजीनगरात राहते, शेती नाही. तरी लिहिते, कारण या भांडणात प्रत्येक वेळी पहिलं नाव आमचं घेतलं जातं. शहराला प्यायला पाणी नाही, म्हणून सोडा.

धरण काठोकाठ भरलेलं असतानाही आमच्या कॉलनीत नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. पिंप, टाकी, बादल्या, हंडे, सगळं भरून ठेवायचं. तेव्हा पिण्याच्या पाण्याचं कारण पुढं करून वरून टीएमसी मागायचं आणि शहरातली गळती तशीच ठेवायची, हे मला नाशिकच्या ताईंसमोर बोलताना अवघड वाटतं. शहराचं मागणं वेगळं काढा. माणशी किती, गळती किती, दरवर्षी ती किती कमी केली, हे जाहीर करा. ते केल्यावर मात्र त्या पाण्यावर कुणी हरकत घेऊ नये. आणि उद्योगांचाही वेगळा हिशोब द्या. राज्याच्या धोरणात २०११ पासून क्रम पिणं, शेती, मग उद्योग असा आहे. तो टंचाईच्या वर्षी पाळला गेला का, ते कळण्याचा हक्क शेतकऱ्यांइतकाच आम्हालाही आहे.


नाथसागर_भोई

सगळे वर आणि खाली एवढंच बोलतात. मधी आम्ही आहोत.

धरणावर मासेमारी करणारी कुटुंबं आहेत. पाणी उतरलं की फुगवट्याची जमीन उघडी पडते, तिथं गाळपेर होते, ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यातले कितीतरी त्यावर पोट भरतात. पाणी चढलं की मासे, उतरलं की गाळपेर. आता डिसेंबरात वरून पाणी आलं तर पेरलेलं गाळपेर बुडतं. ते कुणाच्या हिशोबात आहे? १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, त्याचेही नियम आमच्यावर. तरंगत्या सौर प्रकल्पाची गोष्ट निघाली तेव्हा कहार समाजाला हरित लवादात आणि मग सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०२५ मध्ये तिथं अपील फेटाळलं गेलं. निकाल मानला पाहिजे, मानतो. पण आधी काठावर येऊन कुणी विचारलं असतं की जाळी कुठं टाकता, होड्या कुठल्या वाटेनं जातात, तर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नसती.

सल्लागार समितीत आमचा माणूस घ्या. मत नसलं तरी चालेल, बोलायला जागा द्या. गाळपेर कोणत्या गावाला किती आहे आणि पाणी किती चढलं तर काय बुडतं हे आम्ही तोंडपाठ सांगू.


संपादक मंडळ

एका सदस्याचे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. जिल्ह्याच्या नावावरून माणसाची लायकी काढणारा मजकूर इथे ठेवला जाणार नाही. मुद्दा असेल तर पुन्हा लिहावा.


पाणीवापर_सचिव (दिंडोरी)

सावकाश लिहितो, थोडं लांबेल.

ओझरची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. वाघाड धरण आमच्या दिंडोरी तालुक्यात. ओझर हे कालव्याच्या शेपटाचं गाव, निफाड तालुक्यात. कागदावर लाभक्षेत्र, शेतात पाणी नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या मार्फत लोकांना एकत्र केलं आणि १९९१ मध्ये शेपटाच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी खात्याकडं मागितलं ते असं. पाणी हेक्टरवर देऊ नका, घनमीटरवर मोजून द्या, आमच्या हद्दीवर मोजून द्या, आणि पुढं वाटायचं काम आमच्यावर सोडा. मोजून मिळायला लागल्यावर माणसं काटकसरीला लागली. उरलेलं पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या, आणि त्या विहिरीच्या पाण्याचीही आकारणी केली. पुढं वरच्या गावांतही संस्था झाल्या आणि २००३ मध्ये सगळ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात घनमापन पद्धत आणि संचालक मंडळात मुखाचे, मध्याचे, शेपटाचे सारखे प्रतिनिधी ही तरतूद आली, ती अशा अनुभवातूनच.

यात आजच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट कोणती? शेपटाची संस्था आधी झाली. मुखाच्या लोकांना शेपटाची गरज नसते. शेपटानं संघटित होऊन मोजमापाची मागणी केली तेव्हा मुखाच्या लोकांना समोर बसावं लागलं.

आता आमच्या संस्थेतलं एक सांगतो. आवर्तन सुरू असताना फ्लूमचं वाचन सकाळी आणि संध्याकाळी होतं. वाचनाला वरच्या संस्थेचा एक माणूस आणि खालच्या संस्थेचा एक माणूस हजर असतो. आधी दोघं मिळून फ्लूमच्या तळाचा गाळ फावड्यानं काढतात, पाणी स्थिर होऊ देतात, पट्टीवर हात फिरवून शेवाळ पुसतात, मग बघतात. बावीस सेंटिमीटर का तेवीस, यावर वाद होतो. होऊ द्यायचा. दोघांचं एकमत झालं की एकाच वहीत आकडा लिहून दोघं सही करतात. वही एकच, संस्थेच्या कार्यालयात कुणालाही बघायला खुली. सही केलेल्या माणसाला गावात येऊन पाणी चोरलं असं बोलता येत नाही, कारण आकडा त्याचाच असतो. पहिल्या वर्षी वाद रोज झाले, नंतर ते सेंटिमीटरपुरते उरले.

गंगापूर-दारणेपासून पैठणपर्यंत हेच का होऊ नये? नांदूर मधमेश्वरला, प्रवरासंगमला, धरणाच्या मुखाशी. वरच्या जिल्ह्यातले दोन पाणीवापर संस्थांचे लोक, खालच्या जिल्ह्यातले दोन, खात्याचा एक कर्मचारी. सही पाचांची. तंत्रज्ञान आणा, सेन्सर बसवा, हरकत नाही, पण सेन्सरच्या आकड्यावर परभणीचा विश्वास बसेल तो परभणीच्या माणसानं तो तपासल्यावर.


वकील_आत्या

कायद्याच्या बाजूनं एक भर घालते. मेंढेगिरी अहवालाचा फेरविचार व्हायचा होताच. त्यासाठी नेमलेल्या मांदाडे समितीनं ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची मर्यादा सुचवली आणि २०२५ मध्ये त्यावर हरकती मागवल्या गेल्या. मराठवाड्यात त्यावर मोठा संताप आहे, नगर-नाशिककडं समाधान. दोन्हीकडच्या हरकती मी वाचल्या. बहुतेकांत फक्त टक्केवारी हवी किंवा नको एवढंच आहे. निफाडच्या ताईंनी मांडलेला ऑगस्टचा अंदाज, पिण्याचा फिडर, नाथसागरच्या दादांचं गाळपेर, यातलं काही मला दिसलं नाही. हरकत ही फॉर्मवरची सही नसते. ती नेमकी, पुराव्यासह आणि पर्याय सुचवणारी असली तर सुनावणीत तिची दखल घ्यावी लागते.

५८ की ६५ यावर माझं मत विचाराल तर, मोजणी सुधारल्याशिवाय यातला कोणताही आकडा मी छातीठोकपणे मागणार नाही. पण मोजणी सुधारेपर्यंत आहे तो ६५ बदलू नये. चालू नियम मोडून नवा आणताना ज्याचं नुकसान होणार त्याची संमती मिळवण्याची जबाबदारी जास्त असते, आणि इथं नुकसान शेपटाचं आहे.


प्रवरेकाठ

आत्या, शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. ६५ ठरवताना निळवंड्याच्या कालव्यात पाणीच नव्हतं. आमची गरज त्या तक्त्यात पूर्ण धरली गेली नाही. परिस्थिती बदलली की आकडा बदलणारच. बाकी हरकतींबद्दल लिहिलंत ते खरं आहे.


वकील_आत्या

हा मुद्दा वजनदार आहे, आणि तो याच शब्दांत हरकतीत यायला हवा. निळवंड्याचं लाभक्षेत्र किती सुरू झालं, किती बाकी आहे, त्याचे आकडे जोडा.


मेलबर्नकर

मूळचा वैजापूरचा, इथं पाण्याच्याच क्षेत्रात काम करतो. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्याचा वाद असाच आहे, चार राज्यं आणि राजधानीचा प्रदेश, वरचे आणि खालचे. २०१० मध्ये खोरे प्राधिकरणानं आराखड्याची मार्गदर्शिका काढली. अभ्यास दांडगा होता, पण लोकांना आकडे एकदम समोर दिसले. ग्रिफिथ नावाच्या बागायती गावात लोकांनी तिच्या प्रती जाळल्या. मग गावोगाव बैठका झाल्या आणि २०१२ मध्ये सुधारलेला आराखडा मंजूर झाला. भांडण आजही संपलेलं नाही, पण खोऱ्यात कुणाकडं किती पाण्याचा हक्क आहे याची नोंद उघड आहे, आणि वाद त्या नोंदीवर उभा राहून होतो.

आपल्याकडं तसाच्या तसा पाण्याचा बाजार आणावा असं मी म्हणणार नाही. इथं हक्क विकत घेता येतात, आणि लहान गावांतून पाणी विकलं गेलं की गावाची शाळा-दुकानंही आटतात, हे इथं झालेलं आहे. आपल्याकडं विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदरमध्ये जमिनीवर नव्हे तर माणशी पाणी दिलं, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस नाकारला. ती वाट आपल्या मातीतली आहे.


गिरणारे_कर

एवढी चर्चा कशाला? पश्चिमेला समुद्रात जाणारं पाणी बोगद्यांनी गोदावरीत आणा. सगळ्यांना पुरेल.


जुना_पाटकरी

आणा, माझा विरोध नाही. पण ते येईल कुठं? वरच्याच धरणांत. मग त्यातलं नाशिकला किती आणि पैठणला किती, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा. शिवाय उपसा असेल तर विजेचं बिल कोण भरणार ते वेगळं. निळवंड्याला अर्धशतक लागलं. बोगदे होईपर्यंत किती टंचाईची वर्षं येतील त्यांचं काय करायचं, यावरच हा धागा आहे.


शेवटची_चारी (परभणी)

आत्यांनी म्हटल्याप्रमाणे मी मसुदा लिहायला घेतोय. पहिल्या फेरीत हे घालतो: ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मध्यावर समूहवार जाहीर अंदाज. नदी वाहती असताना पहिला हप्ता, आणि तो सोडणाऱ्या अधिकाऱ्याला नियमाचं संरक्षण. पिण्याच्या योजनांचे फिडर चालू. फुगवट्यावरच्या मोटारींची नोंद, वरच्या नदीकाठच्या मोटारींसारखीच. संयुक्त मोजणी आणि एक वही. समितीत मच्छीमार आणि गाळपेरवाले. टक्केवारीचा मुद्दा यात घालत नाही, त्यावर आपल्यात एकमत नाही, ज्यानं त्यानं आपली वेगळी हरकत द्यावी.

प्रवरेकाठ दादा, धरणाखालच्या शेपटाचं कलम तुम्हीच लिहा. माझ्यापेक्षा तुमच्या शब्दांत ते जास्त पटेल.

सचिव काका, तुमची ती वही बघायला आमच्याकडचे पाच-सहा जण येऊ का? आमच्या वितरिकेवर संस्था नावाला आहे, वाचन कुणी करत नाही.


प्रवरेकाठ

लिहितो. आठवडाभर द्या, तळेगावच्या दोन जुन्या कार्यकर्त्यांना विचारून लिहितो. एक अट आहे. अकोल्याच्या विस्थापितांचं पाणी त्यात पहिलं येईल.


शेवटची_चारी (परभणी)

मान्य.


पाणीवापर_सचिव (दिंडोरी)

जरूर या. मात्र आवर्तन सुरू असताना या, बंद कालव्यात बघण्यासारखं काही नसतं. रब्बीचं दुसरं आवर्तन जानेवारीत असतं, तारीख ठरली की इथंच टाकतो. पाटकरी साहेब, तुम्हीही या. गाळ बसल्यावर आकडा किती फुगतो ते तुम्ही समोर दाखवलंत तर पोरांच्या लक्षात राहील.


जुना_पाटकरी

येतो. माझ्याकडं जुनी मोजपट्टी आणि फ्लूमचे तक्ते आहेत, ते घेऊन येतो.


निफाडची_बाग

जानेवारीतच ठरवा, फेब्रुवारीत आमची माल काढणी सुरू होते. संक्रांतीनंतर आलात तर मुक्काम आमच्याकडं करा, घर मोठं आहे. येताना डाव्या कालव्याचं यंदाचं आवर्तनपत्रक आणा, आमच्या चारीच्या पत्रकाशेजारी ठेवून बघू. आणि बायकांनाही घेऊन या. पाण्याच्या दिवशी कामावर न जाणारं माणूस कोण असतं ते सिडकोच्या ताईंनी लिहिलंच आहे, आमच्याकडंही तेच.


सिडकोवाली

मी येणार. शहराच्या पाण्याचा हिशोब मागणारं कलम मी लिहून आणते, तुम्ही सगळे तपासा.